एका साच्याच्या तीन डब्या

कपातलं रेझिन ढवळून झालं आणि नेमका तेव्हाच फोन वाजायला लागला. दोन बाटल्यांतले दोन द्रव एकदा एकत्र आले की हातात चार मिनिटं उरतात. तेवढ्यात ते साच्यात गेलं नाही तर कपाच्या बुडाशीच त्याचा दगड होतो. डबीवाल्यांनी फोनकडे बघितलंच नाही. साच्याच्या तोंडाशी कप तिरका धरून त्यांनी दोऱ्याएवढी बारीक धार सोडली. जाड धार हवा ओढून नेते, आणि हवा म्हणजे बुडबुडा.

बायकोनं फोन घेतला. थोडा वेळ नुसतं "हं, हं" केलं आणि गॅलरीच्या दारात येऊन उभी राहिली.

"वन्संच्या खालच्या शिक्षिकाबाई आहेत. घरात धूर झाला म्हणे. वन्सं बऱ्या आहेत. हात भाजलाय थोडा."

धार तुटली. डबीवाल्यांनी कप टेबलावर ठेवला, शर्ट उलटा की सुलटा न बघता अंगात घातला. ते चपला पायात सरकवेपर्यंत कपातली काडी रुतून ताठ उभी राहिली होती.

ताईचं घर चार गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. वाटेत त्यांना एकच विचार येत होता: आता तिला घर सोडावं लागणार. ते ठरलेलंच होतं. ताईच्या डोळ्यांतला काचबिंदू दोन वर्षांपूर्वी उरलासुरला उजेडही घेऊन गेला, तेव्हाच तिचा मुलगा तिला न्यायला आला होता. ताईनं हात जोडून त्याच्याकडून मुदत मागितली होती. जमतंय तोवर राहते, एकदा जरी काही झालं तर गपचूप येते, असा शब्द तिनं दिला होता. आणि ताई दिलेला शब्द परत घेणारी बाई नव्हती. चाळीस वर्षं शिवणाच्या कारखान्यात काजं-बटणं केलेली बाई. एक टाका इकडचा तिकडे नाही.

वर पोचले तर खिडक्या उघड्या, मोरीत काळंकुट्ट पातेलं, भिंतीला धुराची जीभ. ताई खुर्चीत ताठ बसली होती आणि उजवा तळवा तिनं पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवला होता. शिक्षिकाबाई फडक्यानं ओटा पुसत होत्या.

"छोट्या, धावत आलास? दम लागलाय तुला. बस आधी."

छोट्या त्रेसष्ट वर्षांचा होता. तो बसला.

झालेलं एवढंच होतं. ताईनं दूध तापत ठेवलं होतं आणि नळाखाली बादली लावली होती. फळीवर भावानं करून दिलेल्या, आठवण द्यायला पीप वाजणाऱ्या डब्या होत्या. त्यातली एक वाजली. ताईनं ती उचलली, बटण दाबून गप्प केली, नळ बंद केला आणि खिडकीशी जाऊन रेडिओ ऐकत बसली. तिला वाटलं, वाजली ती पाण्याची डबी. वाजली होती शेगडीची. दूध उतू गेलं, आटलं, करपलं, बाजूच्या फडक्यानं पेट घेतला आणि वासावर धावत येऊन ताईनं पातेलं तळव्यानंच ढकललं. तोवर शिक्षिकाबाई जिना चढून आल्या होत्या.

त्यांनी मुलाला फोन केला होता. करणं भागच होतं, असं त्या दोनदा म्हणाल्या. कुणी त्यांना दोष दिला नव्हता तरी म्हणाल्या. मुलगा रविवारी येणार होता. चार-पाच कपडे काढून ठेव, बाकीचं नंतर नेऊ, असा निरोप होता.

"माझंच चुकलं," ताई म्हणाली. "डोळे गेले तेव्हा म्हटलं, डोकं तर आहे. आता तेही निघालं वाटतं."

डबीवाल्यांनी फळीकडे बघितलं. तिथे त्यांच्या तीन डब्या ओळीनं उभ्या होत्या. लाल, निळी, पिवळी. आरशासारख्या लखलखीत.

*

छत्तीस वर्षं ते कवळ्या बनवत होते. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे, हे मेणात दात बसवायचे, प्लास्टरमध्ये दाबायचे, मेण वितळवून त्या जागी गुलाबी प्लास्टिक शिजवायचे. लॅबचे मालक प्रत्येक कवळी खिडकीशी धरून बघत. आत टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा दिसला तरी हातोडी. चुकलेला माल फोडायचा, म्हणजे तो चुकूनसुद्धा कुणाच्या तोंडात जाणार नाही, हा तिथला कायदा. हे निवृत्त झाल्यावर मालकांनी जवळजवळ सगळं ठेवून घेतलं, पण मेणाच्या काही पट्ट्या, मेणाची पळी आणि ती हातोडी मात्र डबीवाले घरी घेऊन आले होते.

घरी बसून काय करायचं म्हणून ते लहानपणी सोडलेल्या नादाकडे परतले. तारा जोडायची पेन्सिलीएवढी जुनी डागणी, सर्किटच्या हिरव्या पट्ट्या, बारके दिवे, पीप वाजणारे तुकडे. गावात असे नादिष्ट पुष्कळ निघाले. कुणी पावसाचं माप घेणारं यंत्र करतं, कुणी घड्याळ, कुणी झाडाला पाणी घालणारा पंप. सगळ्यांचं सगळं चालायचं, पण राहायचं बुटाच्या खोक्यात. त्यांना डबी लागायची, आणि ती ह्यांना करता यायची. आधी नमुना घडवायचा, त्यावर सिलिकॉनचं रबर ओतून साचा घ्यायचा, साच्यात रेझिन. वर्षभरात त्यांचं नाव सगळे विसरले आणि ते डबीवाले झाले. बुडबुडे मारण्यासाठी त्यांनी जुन्या कुकरला सायकलच्या पंपाची नळी जोडली होती. त्यात साचा ठेवून हवा दाबायची, की बुडबुडे गुदमरून जातात. बायको पाहुण्यांना सांगायची, आमच्याकडे दोन कुकर आहेत, एकात बटाटे शिजतात आणि एकात यांचा जीव.

ताईच्या डब्या मात्र त्यांनी शिकता शिकता केल्या होत्या. एक शेगडी पेटवल्यावर दाबायची, पंधरा मिनिटांनी वाजायची. एक बादली भरली की वाजायची, बादलीच्या काठाला चिकटवलेला बिनतारी तुकडा तिला खबर द्यायचा. एक सकाळ-संध्याकाळ औषधाच्या वेळेला. त्या पहिल्या तिन्ही डब्या इतक्या ओबडधोबड होत्या की अकरा महिने ताईकडे चहा पिताना ते फळीकडे पाठ करून बसत. शेवटी न राहवून त्यांनी एक देखणा साचा केला, त्यातून तीन डब्या काढल्या, तीन रंग घातले, कापडाच्या चाकावर घासून घासून त्यांना कवळीसारखी चकाकी आणली. आतलं यंत्र नव्या डब्यांत बसवलं. जुन्या डब्या घरी नेऊन, कायद्याप्रमाणे, फोडल्या.

त्याला आज नऊ दिवस झाले होते.

*

बुधवारी सकाळी ते मलम घेऊन गेले तेव्हा ताईनं कपडे काढायला सुरुवात केली होती. पलंगावर चार साड्यांच्या घड्या होत्या. तिनं एकेक घडी हातानं चाचपली, काठावरून ओळखली, एक परत कपाटात ठेवली.

"ही तिकडे नको. तिकडे कुणाला सांगू, ही कुठली ते."

डबीवाल्यांनी तिच्या तळव्याला मलम लावलं. मग उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, शेगडीची डबी दे बघू, यंत्र बिघडलंय का तपासतो.

ताई उठली. पलंगापासून फळीपर्यंत सहा पावलं, ती न चाचपता चालली. भिंतीला, दाराला, कोपऱ्याला ती कधी हात लावत नसे. पण फळीशी आल्यावर तिचा हात हवेत थांबला. तिन्ही डब्यांवरून तो एकदा गेला, परत आला, पुन्हा गेला. आंधळेपणीही सुईत दोरा ओवणारी ती बोटं, चकचकीत गुळगुळीत प्लास्टिकवरून बर्फावरच्या पाखरासारखी घसरत होती. ताईनं एक डबी उचलली. मान जराशी वळवून, भावाला दिसू नये अशा बेतानं, तिनं ती नाकाशी नेली. ठेवली. दुसरी उचलली, हुंगली.

"ही घे. हिला अजून करपल्याचा वास आहे."

डबीवाल्यांनी ती डबी हातात घेऊन उलटसुलट फिरवली. मग त्यांनी विचारलं, "आणि परवापर्यंत कशावरून ओळखत होतीस?"

मग ताईनं हळूहळू सांगितलं. जागेवरून ओळखायचं ठरवलं होतं. पण एखादी डबी हातात घेऊन खिडकीशी गेलं की परत ठेवताना क्रम चुकतो. एकीला दोरा बांधला, तो निसटून गेला. एकीला कागद चिकटवला, तो वाफेनं सुटला. आवाज तिघींचा एकच. जुन्यांच्या वेळी असं नव्हतं. जुन्या औषधाच्या डबीच्या पोटाला एक खळगा होता, त्यात करंगळीचं टोक बरोब्बर बसायचं. शेगडीच्या डबीला कडेनं एक धार होती, डबीची दोन अर्धुकं एकमेकांशी भांडल्यासारखी. आणि पाण्याच्या डबीच्या डोक्यावर शेंडी होती.

खळगा म्हणजे फुटलेला बुडबुडा. धार म्हणजे साचा सरकल्याची चूक. शेंडी म्हणजे रेझिन ओतल्या जागी उरलेला, घासायचा राहिलेला खुंट. डबीवाल्यांना तिन्ही चुका तोंडपाठ होत्या. अकरा महिने त्या त्यांना झोपेत दिसत होत्या.

"त्या आहेत का रे अजून?" ताईनं विचारलं.

"फोडल्या."

"असू दे."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू किती खुशीत होतास, छोट्या. रंग सांगत होतास मला. शेगडीची लाल, पाण्याची निळी, औषधाची पिवळी. म्हटलं, एवढ्या हौसेनं रंगवल्यात, होईल सवय."

डबीवाल्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आंधळ्या बहिणीसाठी त्यांनी रंग निवडायला दोन दिवस घेतले होते. निळा जरा गडद वाटला म्हणून पुन्हा ओतला होता. आणि छत्तीस वर्षं ज्या माणसानं कवळीवरचा केसाएवढा कंगोरा घासला, कारण डोळ्याला न दिसणारा केस जिभेला दोरखंड लागतो, त्या माणसाला बोटांचं हे कळू नये.

त्यांच्याकडून कसलासा आवाज आला म्हणून ताईनं हात पुढे केला. तिला वाटलं भाऊ रडतोय. तो रडतही होता, पण त्याच्या तोंडून निघाले ते शब्द असे होते:

"ताई, तुझं डोकं शाबूत आहे गं. डबीचं चुकलं. माझं चुकलं."

ताई खुर्चीत बसली, मागे रेलली आणि इतकी हसली की भाजलेला तळवा मांडीवर आपटून तिला "आई गं" म्हणावं लागलं. काल सकाळपासून तिच्या मनात जे बसलं होतं, ते त्या हसण्याबरोबर उठून खिडकीतून गेलं असावं. आपण विसरायला लागलो या भीतीपुढे हात भाजणं काहीच नव्हतं, घर सोडणंसुद्धा थोडंच होतं.

"म्हणजे मी खुळावले नाही," ती म्हणाली. "खुळा तू आहेस."

"मी आहे."

"मग ठीक आहे. तुझी आम्हाला सवय आहे."

*

रविवारला चार दिवस होते. डबीवाल्यांनी आधी सोपा मार्ग धरला. कानस घेऊन लाल डबीला खाचा पाडायला बसले. देखणेपणासाठी भिंत इतकी पातळ ठेवली होती की दुसऱ्याच घासाला ती तडकली. बरंच झालं, असं बायको म्हणाली. वन्संना काय हवं ते वन्संच्या हातांना विचारा, तुम्ही मधे पडू नका.

म्हणून गुरुवारी सकाळी ते ताईकडे कवळ्यांचं जुनं गुलाबी मेण घेऊन गेले. कोमट पाण्यात मेणाच्या पट्ट्या मऊ केल्या आणि आतल्या यंत्राच्या मापाचे तीन लाकडी ठोकळे तिच्यापुढे ठेवले. ठोकळ्यांवर मेण चढव, तुला हवा तसा आकार दे, मी त्याचा साचा घेतो.

ताईनं पदर खोचला. उजव्या तळव्याला पट्टी होती, म्हणून डावा हात आणि उजव्याची नुसती बोटं. सुरुवातीला तिनं तिन्ही ठोकळे शेजारी ठेवून त्यांच्याशी ओळख करून घेतल्यासारखं केलं. मग मेण घेतलं. काम करताना ती पूर्वी कारखान्यात गुणगुणायची तशी गुणगुणायला लागली. शब्द तिचेच होते, हाताबरोबर सुचत होते:

डोळे गेले परगावी, बोटं राहिली गं घरी
वाट पुसती भिंतीला, भिंत बोलते गं खरी

शेगडीची डबी तिनं बुटकी केली आणि तिच्या माथ्यावर अंगठा खोल दाबून खड्डा पाडला. जाळ विझवायचा असतो, म्हणाली, अंगठा दाबूनच. पाण्याच्या डबीला नखानं आडव्या लाटा ओढल्या, खालपासून वरपर्यंत. औषधाची उंच आणि निमुळती, आणि तिच्या पोटावर मेणाची एक गोळी चिकटवली.

"तिघी सख्ख्या बहिणी नकोत," ती म्हणाली. "शेजारणी चालतील. एकीचं तोंड दुसरीला दिसायला नको."

डबीवाले मेणकामाच्या गरम, चपट्या पळीनं कडा सांधत होते. छत्तीस वर्षांचा हात. त्या हातानं खुद्द डबीवाल्यांनाही न विचारता शेगडीच्या डबीवरून पळी एकदा, दोनदा फिरवली. ताईनं गुणगुणणं थांबवलं. हात पुढे करून डबी घेतली. अंगठा फिरवला.

"पुसलंस ना?"

डबीवाल्यांनी बघितलं. खड्ड्याची कड त्यांनी लोण्यासारखी सपाट करून टाकली होती. त्यांना कळलंही नव्हतं.

"सवय," ते म्हणाले.

"पळी इकडे दे."

निवलेली पळी तिनं आपल्या मांडीखाली ठेवली आणि अंगठा पुन्हा दाबला, या वेळी जास्त खोल. दुपारचं ऊन खिडकीतून येऊन ताईच्या पायांवर पडलं तेव्हा ती न विचारता म्हणाली, तीन वाजले. मग मेण मळता मळताच तिनं भावाला एक गोष्ट सांगितली. मुलाच्या घरी ती गेल्या वर्षी पंधरा दिवस राहिली होती. सून चांगली, नातवंडं गोड, खोली मोठी. पण तिथे ती दिवसभर भिंती धरून चालायची.

"इथे भिंती मला धरतात रे. हे त्याला कसं सांगू? त्याला वाटतं, मी हट्ट करते."

साचे शुक्रवारी उघडले. डबीवाल्यांनी रेझिनमध्ये रंग घातला नाही. जसं आहे तसं, मळकट दुधासारखं, ओतलं. घाई इतकी होती की कुकर नीट बसला नाही आणि पाण्याच्या डबीच्या कोपऱ्यावर बुडबुडा आला, टपोरा, सगळ्या जगाला दिसावा असा. त्यांचा हात आपोआप टेबलाच्या खणातल्या हातोडीकडे गेला. बायकोनं खणावर हात ठेवला.

"आधी त्यांना दाखवा. मग काय फोडायचं ते फोडा."

शनिवारी ताईनं तिन्ही डब्या मांडीवर घेतल्या. बुडबुड्याशी तिचं बोट थांबलं.

"हे मी केलं नव्हतं."

"ते आपोआप झालं."

"छान झालंय. राहू दे."

*

रविवारी भाचा आला, हातात मोठी रिकामी बॅग घेऊन. तो लिफ्टची तपासणी करायचा. उंच इमारतींत जाऊन दोर, कप्प्या, दारं बघायची आणि दोर तुटणारच असं धरून चालायचं, हाच त्याचा व्यवसाय. आईच्या तळव्यावरची पट्टी त्यानं उलगडून बघितली, परत बांधली, मग भिंतीवरचा काळा डाग बघितला. मामानं त्याला डब्यांचं सगळं सांगितलं. आपली चूक सांगितली, जुन्या डब्या फोडल्याचंही सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"मामा, तुमच्यावर राग नाही," तो म्हणाला. "पण पुढच्या वेळी धूर झाला आणि खालच्या बाई घरी नसल्या, तर मी कुणावर रागवू?"

ताई एवढंच म्हणाली की बटाटे उकडायला टाकते, जेवून मग काय ते ठरवू. तिनं शेगडी पेटवली, बुटकी डबी उचलून दाबली, फळीवर ठेवली. नळाखाली बादली लावली. लाटांची डबी चाचपून जागेवर आहे हे बघितलं आणि आतल्या खोलीत मुलासाठी चादर काढायला गेली.

ती आत गेली तसा भाचा उठला. बिनआवाजी पावलांनी फळीशी गेला आणि तिन्ही डब्यांच्या जागा बदलल्या. बुटकी शेवटी. उंच पहिली. लाटांची मधे, तीही पाठमोरी.

डबीवाले खुर्चीतून अर्धवट उठले. भाच्यानं त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत दुष्टपणा नव्हता. नव्या दोराला मुद्दाम जास्तीचं वजन लावून बघणाऱ्या माणसाची नजर होती ती. डबीवाले परत बसले.

ताई चादर घेऊन आली, बसली, सुनेची, नातवंडांची विचारपूस करू लागली. धाकटीचा दात पडला म्हणे, कुठला? वरचा की खालचा? भाचा उत्तरं देत होता, पण त्याचे डोळे घड्याळावर होते.

पीप.

ताई बोलता बोलता उठली. सहा पावलं. हात नेहमीच्या जागी गेला आणि तिथे उंच डबी लागली. बोटं थांबली. डबीवाल्यांना ती थांबलेली बोटं दिसत होती आणि त्यांना वाटलं, आता ही हुंगेल, आता ही मान वळवेल. एवढ्यात दुसऱ्या डबीनंही वाजायला सुरुवात केली. बादली भरली होती. दोन्ही एकाच सुरात, एकीत एक मिसळून.

ताईची बोटं उंच डबीवरून सरकली, मधलीवर आली, तिच्या लाटांवरून एकदा खाली उतरली, कोपऱ्यातल्या बुडबुड्याला शिवली आणि पुढे शेवटच्या डबीकडे गेली. अंगठा खड्ड्यात बसला. ती डबी गप्प झाली. ताईनं दोन पावलं टाकून शेगडी बंद केली. मग परत येऊन लाटांची डबी गप्प केली आणि नळ फिरवला. शेवटचे दोन थेंब बादलीत पडल्याचा आवाज तिघांनी ऐकला.

"आज बायका जागा सोडून बसल्यात," ताई म्हणाली. "कुणी उठवलं त्यांना?"

भाचा भिंतीला टेकून उभा होता. "मी हलवल्या, आई."

"माहीत आहे. तुझे हात लहानपणापासून गप्प बसत नाहीत." ती हात पुसत त्याच्या दिशेनं वळली. "परीक्षा घेतलीस. घ्यायलाच पाहिजे. मी तुझ्या जागी असते तर शेगडीसुद्धा हलवली असती."

भाच्याला हसायचं होतं, पण ते त्याला जमलं नाही. रोज सकाळी फोन वाजला की हातातलं काम टाकून धावतो, हे तो आईला सांगू लागला. ऑफिसचा असला, कुणाचाही असला, तरी आधी वाटतं तुझाच आहे, तुझ्याबद्दलच आहे. गेली दोन वर्षं असंच. ताईनं ते ऐकलं. ती म्हणाली, असं असेल तर फोन उद्यापासून मीच करीन, रोज सात वाजता. सातला माझा आवाज ऐकलास की दिवस तुझा. नाही ऐकलास तर ये आणि ही बॅग भर, मी एक शब्द बोलणार नाही.

"दिला शब्द?" भाच्यानं विचारलं.

"दिला."

जेवण झाल्यावर तो पलंगावर जरा टेकतो म्हणाला आणि टेकला तसा झोपला. तोंड उघडं, एक हात खाली लोंबणारा. ताई चादर घालायला गेली, तिचे हात त्याच्या पायांपर्यंत पोचले आणि तिनं कपाळावर हात मारला. बूट घालूनच झोपला होता. नाड्या सोडून तिनं ते एकेक करून काढले, जोडी लावून पलंगाखाली ठेवले आणि स्वयंपाकघरात येऊन भावाला कुजबुजत म्हणाली, दोन वर्षांची झोप आहे ती, उठवू नकोस. तासाभरानं तो अजून घोरतच होता. डबीवाले खुर्चीत बसून त्याचं घोरणं ऐकत राहिले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या मानेची शीर सैल झाली होती आणि त्यांना स्वतःलाही एक जांभई आली, आणि मग आणखी एक.

चहा पिऊन भाचा निघाला. कपाटात परत ठेवलेल्या साड्यांच्या घड्यांकडे त्यानं एकदा बघितलं आणि बॅग उचलली. जिन्यावरून उतरताना ती रिकामी बॅग कठड्याला आपटत ढोलासारखी वाजत गेली. ताई दारात उभी राहून तो आवाज रस्त्याला लागेपर्यंत ऐकत होती.

"तूही जा आता," ती भावाला म्हणाली. "दिवसभर इथे आहेस. माझ्या भावजयीनं काय तुझी वाट बघत बसायचं?"

"काही लागलं तर..."

"लागलं तर सांगीन. आता मला जरा माझ्या घरात बसू दे."

डबीवाल्यांनी चपला घातल्या. दहा-बारा पायऱ्या उतरून ते वळणावर थांबले, कठडा धरून. वर दार लोटलं गेलं. थोडा वेळ काहीच नाही. मग आतून कडी सरकली, न अडखळता, एका दमात, आणि आपल्या खाचेत जाऊन बसली.

तेवढं ऐकून ते खाली उतरू लागले.